जवानाचे आधुनिक चिलखत : शास्त्र, निर्मिती आणि पुरवठ्याची कहाणी

रणगाडे, लढाऊ विमाने, पाणबुड्या यांच्या खरेदीची चर्चा आपल्याकडे नेहमीच रंगते. त्यांच्या किमती, त्यांतील दिरंगाई आणि प्रसंगी त्यांवरून होणारे राजकारण यांना वृत्तपत्रांत ठळक स्थान मिळते. मात्र प्रत्यक्ष सीमेवर उभ्या असलेल्या पायदळाच्या जवानाच्या अंगावर काय आहे, त्याच्या डोक्यावरचे शिरस्त्राण गोळी अडवू शकते काय, त्याच्या पायातील बूट उणे तापमानात टिकतात काय, या प्रश्नांकडे तुलनेने कमी लक्ष जाते. वास्तविक, अतिउंचीवरील चौकीत किंवा दहशतवादविरोधी चकमकीत जवानाचे प्राण वाचतात ते बहुधा याच वस्तूंमुळे. भारतीय लष्करासाठी अशी संरक्षक साधने विकसित करण्याचा आणि ती वेळेवर जवानापर्यंत पोहोचविण्याचा प्रवास बराच खडतर राहिला आहे. विज्ञानाची झेप आणि व्यवस्थेची संथ चाल यांतील अंतर त्यात स्पष्ट दिसते.

पोलादाकडून धाग्याकडे

अंगावर कवच घालून रणात उतरण्याची कल्पना प्राचीन आहे. १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि टोपाखाली शिरस्त्राण घातले होते, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तलवार, कट्यार आणि बाण यांच्यापुढे कड्यांचे चिलखत पुरेसे ठरत असे. बंदुकीच्या गोळीचा वेग वाढत गेला तसे मात्र ते निरुपयोगी ठरू लागले. गोळी अडवील इतके जाड पोलाद अंगावर घालून सैनिकाला चालता येईना. परिणामी पुढे दीर्घकाळ सैनिक जवळजवळ कवचाविनाच लढत राहिला.

पहिल्या महायुद्धात खंदकांवर फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या कपच्यांनी हजारो सैनिकांची डोकी फुटू लागली, तेव्हा १९१५ मध्ये फ्रेंच आणि ब्रिटिश सैन्यांनी पोलादी शिरस्त्राणे स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानांतील सैनिकांसाठी कपच्या अडविणारी जाकिटे आली आणि कोरियाच्या युद्धात नायलॉनचे अनेक थर असलेली जाकिटे पायदळाला मिळाली. तथापि ही सर्व साधने कपच्यांपुरती होती. रायफलची गोळी त्यांतून सहज आरपार जात असे.

खरा बदल घडविला तो १९६५ मध्ये. अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांनी एका नव्या कृत्रिम धाग्याचा शोध लावला. पुढे ‘केव्हलार’ या नावाने प्रसिद्धीस आलेला हा धागा समान वजनाच्या पोलादाच्या सुमारे पाचपट बळकट आहे. ‘अरामिड’ या कुळातील या धाग्याने शरीरकवचाची संकल्पनाच पालटून टाकली. त्यानंतर अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलिनचे धागे आले. ‘डायनीमा’ आणि ‘स्पेक्ट्रा’ ही त्यांची प्रचलित व्यापारी नावे. हे धागे इतके हलके असतात की ते पाण्यावर तरंगतात.

गोळी कशी अडते?

‘बुलेटप्रूफ’ हा शब्द रूढ झाला असला तरी तज्ज्ञ तो टाळतात. कोणतेही जॅकेट सर्वच गोळ्या अडवू शकत नाही; ठरावीक प्रकारची गोळी, ठरावीक अंतरावरून आणि ठरावीक वेगाने आली तर ती रोखण्याची हमी तेवढी देता येते. त्यामुळे ‘गोळीरोधक’ हाच शब्द अधिक अचूक होय.

अशा जॅकेटचे साधारणतः दोन भाग असतात. पहिला भाग मऊ असतो. त्यात अरामिड किंवा पॉलिइथिलिनच्या कापडाचे अनेक थर एकावर एक रचलेले असतात. पिस्तुलाची तुलनेने मंद गोळी या थरांवर आदळली की धागे ताणले जातात, गोळीची ऊर्जा मोठ्या क्षेत्रावर पसरते आणि गोळी चपटी होऊन अडकून पडते. पाण्याच्या किंवा हिमाच्या थेंबागणिक जाळे ताणावे आणि फाटू नये, तसा हा प्रकार.

रायफलच्या गोळीसाठी एवढे पुरत नाही. तिचा वेग ध्वनीच्या दुपटीहून अधिक असतो आणि एके-४७ सारख्या शस्त्रांच्या काही गोळ्यांत पोलादी गाभा असतो. असा टोकदार, कठीण गाभा धाग्यांना बाजूला सारून आत शिरतो. त्यासाठी जॅकेटच्या पुढील व मागील खिशांत कठीण पट्ट्या बसविल्या जातात. या पट्टीचा दर्शनी थर सिरॅमिकचा, म्हणजे ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड किंवा बोरॉन कार्बाइडचा असतो आणि त्यामागे धाग्यांचा दाबून घट्ट केलेला थर असतो. सिरॅमिकवर आदळताच गोळीचा गाभा फुटतो किंवा बोथट होतो. स्वतः सिरॅमिकही त्या जागी भंगते. उरलेले तुकडे मागचा थर पकडून ठेवतो. बोरॉन कार्बाइड हा ज्ञात पदार्थांपैकी अत्यंत कठीण पदार्थ आहे. त्याची घनता पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश आहे. म्हणूनच हलक्या जॅकेटसाठी त्याला मोठी मागणी आहे.

गोळी अडली म्हणजे जवान सुखरूप राहिला, असे मात्र नव्हे. आघाताने जॅकेटची आतील बाजू शरीराच्या दिशेने फुगते. हा फुगवटा फार खोल असेल तर गोळी आत न शिरताही बरगड्या मोडू शकतात, फुफ्फुस किंवा यकृत यांना इजा होऊ शकते. यासाठी चाचणीच्या वेळी जॅकेटमागे विशिष्ट प्रकारची माती ठेवतात आणि गोळी झाडल्यावर त्या मातीत पडलेल्या खड्ड्याची खोली मोजतात. अमेरिकी मानकानुसार ही खोली ४४ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये.

वजनाचे गणित

शरीरकवचाच्या रचनेतील सर्वात अवघड प्रश्न वजनाचा आहे. संरक्षण वाढवावे तर वजन वाढते आणि वजन वाढले की जवानाची चपळता घटते. रायफल, काडतुसे, हातबॉम्ब, पाणी, संदेशवहन संच यांचा भार त्याच्यावर असतोच. त्यात दहा-अकरा किलोंचे जॅकेट घालून काश्मीरच्या डोंगरउतारावर धावायचे किंवा राजस्थानच्या वाळवंटात पहारा द्यायचा, तर शरीराची शक्ती झपाट्याने खर्च होते. घाम बाहेर पडण्यास वाव नसल्याने उष्माघाताचा धोका वाढतो. जड व गैरसोयीचे जॅकेट जवान काढून ठेवण्याची शक्यता असते आणि काढून ठेवलेले जॅकेट कोणालाच वाचवीत नाही.

म्हणूनच या क्षेत्रातील संशोधनात एकेक किलो कमी करण्यासाठी वर्षे खर्ची पडतात. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या (डीआरडीओ) कानपूर येथील प्रयोगशाळेने २०२१ मध्ये मध्यम आकाराच्या जॅकेटचे वजन १०.४ किलोवरून ९ किलोपर्यंत खाली आणले. त्याची चाचणी चंडीगड येथील संघटनेच्याच प्रयोगशाळेत झाली. याच कानपूरच्या प्रयोगशाळेने एप्रिल २०२४ मध्ये भारतीय मानकातील सर्वोच्च, म्हणजे सहाव्या पातळीच्या धोक्यासाठी देशातील सर्वात हलके जॅकेट विकसित केल्याची घोषणा झाली. स्नायपर रायफलमधून झाडलेल्या चिलखतभेदी गोळ्यांचे सहा आघात त्याची पुढची पट्टी सहन करते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डीआरडीओ आणि दिल्लीची आयआयटी यांनी मिळून ‘अभेद’ नावाची जॅकेटे पुढे आणली. पॉलिमर आणि देशी बोरॉन कार्बाइड यांपासून बनविलेल्या या जॅकेटांची वजने ८.२ आणि ९.५ किलो आहेत.

मुंबई-पुण्याचा वाटा

या संशोधनात महाराष्ट्राचाही महत्त्वाचा सहभाग आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुक्षेत्रातील पदार्थविज्ञानाच्या अनुभवाचा उपयोग करून बोरॉन कार्बाइड आणि कार्बन नॅनोट्यूब यांवर आधारित हलके जॅकेट विकसित केले. ‘भाभा कवच’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जॅकेटचे तंत्रज्ञान हैदराबादच्या मिश्र धातु निगम या सार्वजनिक कंपनीकडे उत्पादनासाठी सोपविण्यात आले.

पुण्याच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात मेजर अनूप मिश्रा यांनी ‘सर्वत्र’ हे संपूर्ण शरीराला संरक्षण देणारे जॅकेट साकारले. काश्मीरमधील एका कारवाईत त्यांच्या स्वतःच्या जॅकेटवर गोळ्या आदळल्या होत्या. गोळी आत शिरली नाही, तरी आघाताची इजा त्यांना सोसावी लागली. त्या अनुभवातून त्यांनी हे काम हाती घेतले. स्नायपरच्या गोळीपासून बचाव करणाऱ्या या जॅकेटबद्दल लष्करप्रमुखांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. दहा मीटरवरून झाडलेली एके-४७ ची गोळी अडवू शकेल असे शिरस्त्राणही त्यांनी ‘अभेद्य’ प्रकल्पात विकसित केले. २०२० च्या प्रारंभी त्याची बरीच चर्चा झाली. रणांगणावर वापरणाऱ्याच्या हातूनच साधनाची सुधारणा झाल्याचे हे उदाहरण बोलके आहे.

संरक्षक साधनांचा प्रश्न महाराष्ट्राच्या मनाला भिडला तो २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी त्या रात्री धारातीर्थी पडले. करकरे जॅकेट व शिरस्त्राण चढवीत असल्याची दृश्ये देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली होती. साहजिकच पोलिसांसाठी खरेदी केलेल्या जॅकेटांचा दर्जा, ती शरीराचा किती भाग झाकतात आणि त्यांच्या खरेदीची प्रक्रिया कशी झाली, यावर वादळ उठले. खरेदीची फाइल गहाळ झाल्याचे २००९ मध्ये उघडकीस आल्यावर तर संताप आणखी वाढला. हा विषय पोलीस दलाचा असला तरी त्यातून निघालेला धडा लष्करालाही लागू होतो. जॅकेटची गुणवत्ता त्यावरील शिक्क्याने सिद्ध होत नाही. मानक, चाचणी आणि खरेदीची पारदर्शक नोंद या तिन्हींची जोड असावी लागते.

मानक आले, पण उशिरा

अनेक वर्षे भारतात गोळीरोधक जॅकेटसाठी स्वतःचे राष्ट्रीय मानक नव्हते. उत्पादक आणि खरेदीदार परकीय, विशेषतः अमेरिकी मानकाचा आधार घेत. परंतु भारतीय जवानासमोर येणारी शस्त्रे आणि गोळ्या अमेरिकी पोलिसांसमोर येणाऱ्या शस्त्रांहून वेगळ्या आहेत. अखेर भारतीय मानक ब्यूरोने २०१८ मध्ये ‘आयएस १७०५१’ हे मानक प्रसिद्ध केले. त्यात धोक्याच्या सहा पातळ्या ठरविल्या आहेत. नऊ मिलिमीटरच्या गोळीपासून सुरू होणाऱ्या या पातळ्या चिलखतभेदी आग्नेय गोळीपर्यंत पोहोचतात. यामुळे निविदा, उत्पादन आणि चाचणी यांना एक समान भाषा मिळाली.

नऊ वर्षांची प्रतीक्षा

पुरवठ्याच्या दिरंगाईचे ठळक उदाहरण म्हणजे लष्कराची मोठी जॅकेटखरेदी. पायदळाकडील जुनी जॅकेटे जड होती आणि संख्येनेही अपुरी होती. संरक्षण सामग्री खरेदी परिषदेने ऑक्टोबर २००९ मध्ये १,८६,१३८ जॅकेटांच्या खरेदीला मान्यता दिली. त्यानंतर निविदा निघाल्या, चाचण्या झाल्या. पण लष्कराचे निकष पूर्ण न झाल्याने ती प्रक्रिया फलद्रूप झाली नाही. मधल्या काळात काश्मीर खोऱ्यातील कारवाया सुरूच होत्या. निकड भागविण्यासाठी २०१६ मध्ये टाटा समूहातील एका कंपनीकडून ५० हजार जॅकेटे तातडीने घेण्यात आली. मूळ खरेदीचा करार झाला तो एप्रिल २०१८ मध्ये. एसएमपीपी या भारतीय कंपनीशी झालेल्या या कराराची किंमत ६३९ कोटी रुपये होती. म्हणजे एका जॅकेटमागे सरासरी सुमारे ३४ हजार रुपये. मान्यता आणि करार यांत साडेआठ वर्षे गेली. प्रत्यक्ष पुरवठ्याला पुढची तीन वर्षे ठरविण्यात आली.

या दिरंगाईची कारणे केवळ लालफितीत शोधता येत नाहीत. लष्कर आपल्या गरजेचे गुणात्मक निकष आधी निश्चित करते. त्यानंतर निविदा, नमुन्यांची छाननी, गोळीबाराची चाचणी, वेगवेगळ्या हवामानातील प्रत्यक्ष वापर, किमतीची वाटाघाट आणि शेवटी प्रत्येक खेपेतून नमुने काढून पुन्हा चाचणी अशा पायऱ्या ओलांडाव्या लागतात. जॅकेटची चाचणी म्हणजे त्याचा नाश. त्यामुळे प्रत्येक नग तपासता येत नाही आणि नमुना निवडीवर सारी भिस्त राहते. ही काटेकोरता आवश्यकच आहे. निकष सैल केले तर जवानाच्या जिवाशी खेळ होतो. मात्र निकष ठरविताना उपलब्ध तंत्रज्ञानाचा अंदाज चुकला, तर एकही उत्पादक पात्र ठरत नाही आणि जवान जुन्याच जॅकेटावर राहतो. या दोन धोक्यांत तोल साधणे हे खरेदी यंत्रणेचे खरे कसब आहे.

कच्च्या मालाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. जॅकेट भारतात शिवले गेले तरी त्यातील धागा आणि सिरॅमिकची भुकटी अनेकदा परदेशातून येते. जून २०२० मधील गलवानच्या संघर्षानंतर चीनमधून येणाऱ्या कच्च्या मालाचा मुद्दा ऐरणीवर आला, तो यामुळेच. ज्या देशाच्या सैन्यासमोर जवान उभा आहे, त्याच देशाच्या मालावर त्याचे कवच अवलंबून असणे कोणालाही रुचणारे नव्हते.

शिरस्त्राण आणि ‘पटका’

डोक्याच्या संरक्षणाचा इतिहासही असाच आहे. काश्मीरमधील दहशतवादविरोधी मोहिमांत जवानांनी अनेक वर्षे ‘पटका’ वापरला. कपाळ आणि डोक्याची मागील बाजू झाकणाऱ्या या पोलादी पट्टीचे वजन सुमारे अडीच किलो असे आणि डोक्याचा माथा मात्र उघडाच राही. आधुनिक शिरस्त्राणे अरामिडसारख्या धाग्यांपासून बनतात आणि त्यांवर रात्री पाहण्याची दुर्बीण किंवा संदेशवहनाची साधने बसविता येतात. कानपूरच्या एमकेयू या कंपनीला सुमारे १ लाख ५८ हजार शिरस्त्राणांचे काम देण्यात आले, ती दोन दशकांतील या प्रकारची मोठी खरेदी मानली गेली.

शिरस्त्राणाचा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही, याचा प्रत्यय जानेवारी २०२३ मध्ये आला. शीख जवानांसाठी त्यांच्या केशरचनेला सामावून घेणारी १२,७३० शिरस्त्राणे घेण्याचा प्रस्ताव संरक्षण मंत्रालयाने मांडला. पगडी हा श्रद्धेचा आणि अस्मितेचा विषय असल्याने शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने त्याला तीव्र विरोध केला. जवानाच्या जिवाची काळजी आणि त्याच्या परंपरेचा मान, दोन्ही बाजू तितक्याच गंभीर आहेत.

शत्रू थंडीचा

सर्वच चौक्यांवर गोळी हाच पहिला शत्रू नसतो. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’द्वारे भारतीय सैन्य सियाचिनवर पोहोचले. तेव्हापासून तेथे गोळीबारापेक्षा थंडी, विरळ हवा आणि हिमस्खलन यांनीच अधिक बळी घेतले आहेत. तापमान उणे पन्नास अंशांपर्यंत उतरते. उघड्या बोटाला धातूचा स्पर्श झाला तरी हिमदंश होऊ शकतो.

अशा ठिकाणी एक जाड कोट उपयोगाचा नसतो. चढण चढताना जवानाला घाम येतो. तो आत अडकला की थांबताच गोठू लागतो. म्हणून तीन थरांची पद्धत अवलंबिली जाते. अंगालगतचा थर घाम शोषून बाहेर ढकलतो, मधला थर हवा कोंडून ऊब टिकवितो आणि बाहेरचा थर वारा व बर्फ अडवूनही वाफ बाहेर जाऊ देतो. हालचालीनुसार थर चढविता-उतरविता येतात. हे तत्त्व सोपे वाटले तरी असे कापड तयार करणे सोपे नाही. त्यामुळे दीर्घकाळ या वस्तूंसाठी भारत आयातीवर विसंबून राहिला.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेला अहवाल या बाबतीत डोळे उघडणारा होता. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात जवानांना विशिष्ट बहुउपयोगी बूट मिळाले नाहीत आणि वापरलेले बूट दुरुस्त करून द्यावे लागले, असे त्यात नमूद होते. बर्फात डोळ्यांचे रक्षण करणाऱ्या चष्म्यांचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के होता. बर्फावरून परावर्तित होणारा सूर्यप्रकाश काही तासांत तात्पुरते अंधत्व आणू शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे गांभीर्य कळते. ही स्थिती आधीच्या वर्षांतील असून नंतर सुधारणा झाल्याचे लष्कराच्या बाजूने सांगण्यात आले. तथापि त्याच वर्षी लडाखमध्ये हजारो अतिरिक्त जवान हिवाळ्यात तैनात करावे लागले, तेव्हा अमेरिकेकडून थंडीचे पोशाख तातडीने मिळवावे लागलेच.

त्यानंतर देशी पर्यायांना वेग आला. अधिक १५ ते उणे ५० अंशांपर्यंत उपयोगी पडणाऱ्या तीन थरांच्या पोशाखाचे तंत्रज्ञान डीआरडीओने डिसेंबर २०२२ मध्ये पाच भारतीय कंपन्यांना दिले. त्याची पुढील आवृत्ती म्हणजे ‘हिमकवच’. उणे ६० अंशांपर्यंतच्या थंडीसाठीच्या या पोशाखाच्या चाचण्या यशस्वी झाल्याचे २०२५ च्या प्रारंभी जाहीर झाले. अर्थात कोणताही पोशाख हिमस्खलन थांबवू शकत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचिनच्या सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचाही एक सुपुत्र होता.

गणवेश आणि कारखाने

लढाईचा गणवेशही संरक्षक साधनांतच मोडतो. १५ जानेवारी २०२२ च्या लष्करदिनी नव्या डिजिटल नक्षीचा गणवेश प्रथमच दिसला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या साह्याने तयार झालेल्या या गणवेशाच्या कापडात सुती धाग्याचे प्रमाण ७० टक्के आणि पॉलिस्टरचे ३० टक्के आहे. ते हलके, मजबूत आणि लवकर वाळणारे आहे. नक्कल रोखण्यासाठी लष्कराने त्याच्या नक्षीचे हक्कही नोंदवून घेतले. प्रारंभी ५० हजार संच कँटीन स्टोअर्स विभागाच्या १५ भांडारांमार्फत देण्यात आले. त्यांत मुंबई आणि खडकी यांचा समावेश होता.

पिढ्यान् पिढ्या जवानांचे कपडे, तंबू आणि बूट शिवले ते सरकारी आयुध कारखान्यांनी. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात कंपन्या स्थापन झाल्या. त्यांपैकी कानपूरच्या ‘ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड’कडे शाहजहानपूर, कानपूर, हजरतपूर आणि आवडी येथील कारखाने आले. हमखास मागणीची सवय असलेल्या या कारखान्यांना आता खासगी उत्पादकांशी स्पर्धा करावी लागत आहे. दुसरीकडे, तांत्रिक वस्त्रांसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांची राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. इचलकरंजी आणि मुंबई येथील वस्त्रसंशोधनाची परंपरा लक्षात घेता महाराष्ट्रातील उद्योगालाही यात संधी आहे.

पुढची दिशा

प्रयोगशाळेत यशस्वी ठरलेले जॅकेट आणि जवानाच्या अंगावरचे जॅकेट यांत अजूनही वर्षांचे अंतर पडते. ते कमी करायचे तर उच्च प्रतीचा धागा व सिरॅमिक देशातच मोठ्या प्रमाणावर बनविणे, निकष वास्तववादी ठेवणे आणि वापरलेल्या जॅकेटांची आयुर्मर्यादा काटेकोरपणे पाळणे आवश्यक आहे. अरामिडचा धागा ओलावा आणि सूर्यप्रकाश यांनी क्षीण होतो, सिरॅमिकला वाहतुकीत पडलेली बारीक चीर बाहेरून दिसत नाही. त्यामुळे खरेदीइतकेच महत्त्व साठवण, तपासणी आणि वेळेवर बदल यांना आहे. महिला जवानांची संख्या वाढत असताना त्यांच्या शरीररचनेनुरूप जॅकेटे पुरविणे ही निकडही दुर्लक्षून चालणार नाही.

एका जॅकेटची किंमत काही हजार रुपये असते, तर लढाऊ विमानाची शेकडो कोटी. संरक्षण खर्चाच्या ताळेबंदात जॅकेट, बूट आणि चष्मे यांची रक्कम किरकोळ भासते. परंतु चौकीवरील जवानाच्या दृष्टीने तीच सर्वात मोलाची असते. त्या रकमेचा विनियोग वेळेवर झाला की नाही, हे संसदेने, लेखापरीक्षकांनी आणि नागरिकांनीही विचारीत राहिले पाहिजे.